दिव्यांची हजेरी

त्या वर्षी आमच्या बटालियनची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होती. मी लान्स नाईक, एमटी प्लाटूनमध्ये को-ड्रायव्हर. एमटी म्हणजे मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट, साध्या भाषेत गाड्या सांभाळणारी माणसं. लोकांना वाटतं, फौजेत सगळे रायफल घेऊन सीमेवर उभे असतात. आमचा निम्मा जन्म गाडीखाली उताणं पडण्यात गेला.

माझा ड्रायव्हर नाईक विलास ओव्हाळ. तो वलवणचा, मी औंढ्याचा. लहानपणी दोघंही लोणावळ्याच्या त्याच बाजारात फिरलेलो, पण ओळख झाली ती घरापासून दोन दिवसांच्या रेल्वे प्रवासावर. पहिल्या दिवशी त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुटला तू?"

"औंढ्याचा. मालपोटे."

"मग आपल्याकडची थंडी इसर. हितं डिझेल गोठतंय."

एवढंच स्वागत झालं. त्यानंतर त्यानं माझ्या हातात फडकं दिलं.

फौजेत गाडी जागची हलण्याआधी फर्स्ट परेड होते. इंजिन ऑइलची पट्टी काढायची, पुसायची, परत घालून बघायची. रेडिएटरचं पाणी, पंख्याचा पट्टा, चाकांचे नट. आमच्या ट्रकला हवेचे ब्रेक होते. थंडीत हवेच्या टाकीत पाणी साठतं. ते रोज खालचा नळ उघडून सोडायचं, नाहीतर त्याचा बर्फ होऊन हवा अडते. वाटेत थांबलो की हॉल्ट परेड. हाताची मागची बाजू चाकाच्या मधोमध लावून बघायची. मागची बाजू अशासाठी की चाक तापलेलं असेल तर तळहात भाजायला नको, स्टिअरिंग त्यानंच धरायचं असतं. मुक्कामी पोचल्यावर लास्ट परेड. सगळं काम कंटाळवाणं. म्हणूनच त्याला परेड हे नाव दिलं असावं, कारण परेडला नाही म्हणायची सोय नसते.

विलासनं त्यात स्वतःची एक भर घातली होती. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी डॅशबोर्डवरचे दिवे एकदम लागतात. तो त्याला हजेरी म्हणायचा. एकेका दिव्याचं नाव तो मोठ्यानं घेई आणि शेजारी बसून मी त्या दिव्याच्या वतीनं उत्तर द्यायचं.

"ऑइल."

"हाजिर."

"बॅटरी."

"हाजिर."

"हवा."

"हाजिर."

मग इंजिन सुरू व्हायचं, प्रेशर चढलं की दिवे विझायचे, आणि विलास म्हणायचा, "सुटी." त्याशिवाय गाडी गिअरमध्ये पडत नसे. पहिल्यांदा मला हसू आलं.

"हसू नगं," तो म्हणाला. "लागलेल्या दिव्याला काय भ्यायचं? त्यो बोलतोय तरी. हजेरीला जो लागत न्हाई त्याला भी. त्यो मेलेला असतोय. उद्या इंजिन जळलं तरी सांगायचा न्हाई."

मी हवालदार म्हणून रिटायर झालो आणि औंढ्याला परतलो. भातशेती आहे. फावल्या वेळात ओळखीच्यांच्या गाड्या बघतो. गॅरेज नाही, अंगणात पत्र्याची शेड आहे. शनिवार-रविवारी लोणावळ्याकडं गेलो की घाटात बोनेट उघडून वाफ सोडणाऱ्या गाड्या दिसतात. मालक गार पाण्याची बाटली घेऊन तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला हात घालत असतो. मी थांबून सांगतो, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास निवू द्या, मग झाकण. त्यांना उशीर होत असतो. भाजल्यावर दवाखान्यात बसायला मात्र वेळ निघतो. लाल दिवा लागला की गाडी बाजूला घेऊन थांबायचं, पिवळा लागला की लवकरात लवकर दाखवून घ्यायची, एवढं कळलं तरी पुष्कळ आहे. लाल दिवा बघून गाण्याचा आवाज वाढवणारा माणूसही मी पाहिला आहे.

विलासची मुलगी रूपाली आता पवनानगरला असते. तो गेला तेव्हा ती बालवाडीत होती. धरणाच्या काठी तिनं तंबूंचा कॅम्प टाकला आहे. पाहुण्यांना ती लोणावळा स्टेशनवरून स्वतःच्या सात सीटच्या गाडीतून आणते. रस्ता दुधिवरे खिंडीतून जातो. खिंडीपलीकडं पवनेकडचा उतार चांगलाच आहे. गेल्या दिवाळीच्या आधी ती सकाळीच गाडी घेऊन माझ्याकडं आली, इंजिन ऑइल बदलायला. दुपारच्या गाडीनं एक कुटुंब येणार होतं, मुलाबाळांसकट.

मी ड्रायव्हर सीटवर बसलो आणि चावी अर्धी फिरवली. सवयीनं मनातल्या मनात हजेरी घेतली. ऑइल, बॅटरी, इंजिन, एअरबॅग. ब्रेकचा दिवा लागला नाही. वाकून पाहिलं तर काचेवर, नेमक्या त्या जागी, नखाएवढी काळी चिकटपट्टी होती. तिच्या कडेनं लाल उजेड झिरपत होता. हँडब्रेक खाली होता, आणि इंजिन सुरू करूनही तो उजेड गेला नाही.

"ही कुणी लावली?"

"मीच, काका. तो सारखा लागून राहतो. गॅरेजवाला म्हणाला, सेन्सर गेला असेल."

"असेल म्हणाला, का आहे म्हणाला?"

"असेल म्हणाला."

"चाक काढून बघितलं त्यानं?"

"नाही. पाहुणे घाबरतात, काका. मागून विचारतात, ताई तो दिवा कसला."

"विचारू देत की. बरोबरच विचारतात."

ती शेडच्या खांबाला टेकली. आवाज चढवून बोलायची तिची पद्धत नाही, तेव्हाही चढवला नाही.

"बाबा दिवा बघूनच थांबले होते ना? आजी मरेपर्यंत तेच म्हणायची. दिव्यापायी गेला माजा ल्योक. कॉन्व्हॉयमधल्या बाकीच्या गाड्या न थांबता गेल्या आणि पोचल्या. तेही गेले असते तर पोचले असते. तो दिवा लागला की माझे हात गार पडतात. खिंडीत गाडी चालवताना हात गार पडून चालत नाही. म्हणून पट्टी लावली."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विलासच्या आईला भेटलो तेव्हा तिनं फक्त त्याला त्रास झाला का, एवढंच विचारलं होतं. मी चावी काढून खिशात टाकली आणि रूपालीला बाजेवर बसायला सांगितलं. मग जे घडलं ते घडलं तसं सांगितलं.

आम्ही सकाळी साडेसहाला वरच्या कॅम्पवरून निघालो. मागे रजेवर निघालेले जवान, त्यांच्या ट्रंका, बिस्तरे. आमचा ट्रक कॉन्व्हॉयमध्ये शेवटचा, म्हणजे टेल, म्हणून वायरलेस सेट आमच्याकडं. फर्स्ट परेड झाली होती, टाकीतलं पाणी मी स्वतः सोडलं होतं. हजेरी पूर्ण होती. खिंड ओलांडली, उतार सुरू झाला. अकराच्या सुमारास आम्ही दरडीच्या पट्ट्यात शिरलो. तिथं वरून दगड सुटतात. थांबायला मनाई असल्याची पाटी आहे.

पट्ट्यात थोडं आत गेलो आणि हवेचा दिवा लागला. बझर वाजू लागला. काटा डोळ्यांदेखत खाली येत होता. विलासनं पहिला गिअर टाकला, ट्रक डोंगराच्या अंगाला घासत नेला आणि असलेल्या हवेवर उभा केला. मी उडी मारून चाकांखाली लाकडी गुटके लावले. सेटवर कॉन्व्हॉय कमांडर, आमचे कॅप्टन साहेब, विलासशी बोलत होते.

"टेल, तुम क्यों रुके? ओव्हर."

"लाल बत्ती, साहब. हवा गिर रही है. ओव्हर."

"वो नो-हॉल्ट एरिया है. खींच के निकाल लो. मोड़ के बाद जगह है. ओव्हर."

"मोड़ तक ब्रेक नहीं बचेगा, साहब. ओव्हर."

"आदमी उतारो. पैदल आगे भेजो. जल्दी. आउट."

माणसं उतरली आणि उताराच्या दिशेनं चालू लागली. मी गाडीखाली शिरलो. मागच्या अ‍ॅक्सलजवळचा रबरी पाईप थंडीनं कडक होऊन फुटला होता. हाताला हवा लागत होती, तीही हळूहळू थांबली. मी बाहेर येऊन सांगितलं. नवा पाईप फिटरकडं होता, आणि फिटर वळणापलीकडं थांबलेल्या गाड्यांपाशी.

"तू पळ. पाईप घिऊन ये," विलास म्हणाला.

"तू पण चल."

"ही सगळी खालच्या अंगाला चालल्यात. गुटका सरकला तर गाडी त्यांच्यावरच जायची. स्टिअरिंग डोंगरात घालाया कुणीतरी आत पायजे. ही वळणापार झाली की मी उतारतो."

तो केबिनमध्ये बसला. काटा बघायला चावी ऑन ठेवली होती. मी पळालो. चालणाऱ्यांना मागं टाकून वळण ओलांडलं, फिटरकडून पाईप आणि पाने घेतले आणि उलटा फिरलो. वळणावर मला आमची माणसं भेटली. शेवटचा जवान ट्रंक खांद्यावर घेऊन वळणापार झाला तेव्हा मी ट्रककडं पाहिलं. केबिनचं दार उघडलं होतं. विलासचा एक पाय पायरीवर होता. त्याच वेळी वरून दगड सुटले. आधी बारीक, मग मोठे. एक धोंडा केबिनच्या टपावर आला.

मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता. ट्रक जागचा हलला नव्हता. डॅशबोर्डवर हवेचा दिवा तसाच लागलेला होता. मी चावी बंद केली.

रूपाली मान खाली घालून ऐकत होती. हे सगळं तिला तुकड्यातुकड्यांनी माहीत असावं. पुढचं मात्र तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण तिथं मी एकटा होतो.

विलासला खाली नेल्यावर ट्रक रस्त्यातून काढायचा होता. फिटरनं पाईप बदलला. चेपलेल्या केबिनमध्ये ताठ बसता येत नव्हतं, पण स्टिअरिंग फिरत होतं. हवा पूर्ण भरली आणि मी ट्रक एकट्यानं खाली काढला. पहिला गिअर, रिकामी गाडी, ब्रेक नवे असावेत तसे चांगले. ते वळण केसाच्या पिनेसारखं आहे, खाली नदी. त्या वळणावर मला तीनदा ब्रेक दाबावा लागला.

"तीनदा," रूपाली म्हणाली.

"तीनदा. आणि माझ्या मागं कुणी नव्हतं. त्याच्या मागं भरलेली गाडी होती."

"ती माणसं?"

"बहुतेक पेन्शनीत निघाली. दोघांना नातवंडं झाली."

मला विलासची आठवण येते. डोळ्यांत पाणी वगैरे आता येत नाही, पण फडकं हातात घेतलं की तो शेजारी उभा असल्यासारखा वाटतो आणि मी ऑइलची पट्टी दोनदा पुसतो. हे मी तिला सांगितलं नाही, इथं सांगतो आहे.

मग ती उठली. गाडीपाशी जाऊन तिनं नखानं ती पट्टी खरवडून काढली आणि बोटांत चुरगळली.

"चाकं काढा, काका. मी जॅक लावते."

पुढची चाकं काढली. दोन्हीकडचे ब्रेक पॅड झिजून लोखंडाला लागायला आले होते. पॅड झिजतात तसं टाकीतलं ब्रेक ऑइल खाली जातं, आणि ते खाली गेलं की तो दिवा लागतो. सेन्सर ठणठणीत होता. बिचारा कित्येक दिवस पट्टीआडून सांगत होता. रूपालीनं लोणावळ्यातून पॅड आणि ब्रेक ऑइल आणलं, माझ्याच स्कूटरवरून. दुपारपर्यंत पॅड बदलले, ब्रेक ऑइल भरलं, इंजिन ऑइलही बदललं. तिनं अंगणातून रस्त्यापर्यंत दोन फेऱ्या मारून ब्रेक बघितले.

जेवून ती स्टेशनला निघाली. सीटवर बसली, चावी अर्धी फिरवली आणि थांबली. मी दाराशी उभा होतो.

"कसं म्हणायचे ते?"

"आधी ऑइल."

"ऑइल," ती म्हणाली.

"हाजिर."

"बॅटरी."

"हाजिर."

ब्रेकच्या दिव्यापाशी तिचा आवाज थोडा बारीक झाला, पण नाव घेतलं. मी हाजिर म्हणालो. तिनं इंजिन सुरू केलं, हँडब्रेक सोडला. दिवे एकेक करून विझले. लाल दिवा शेवटी विझला.

तिनं गिअर टाकला नाही. माझ्याकडं बघत राहिली, पुढं काही असतं का म्हणून. त्या दिवशी दरडीखाली दिवा लागलेलाच राहिला होता आणि एक शब्द म्हणायचा राहून गेला होता. मी गाडीच्या टपावर हात ठेवला.

"सुटी, नाईक ओव्हाळ."