पूजेची पिशवी

सोनल मगदूमचं तोंड मंगळवार पेठेत नावाजलेलं होतं. मुलींच्या शाळेत ती अकरा वर्षं भूगोल शिकवत होती आणि तिचा आवाज दोन वर्ग ओलांडून शिपायाच्या स्टुलापर्यंत पोचायचा. पालकसभेत एक बाप म्हणाला, पोरीला भूगोल शिकून काय करायचंय. सोनलनं त्याला सगळ्यांदेखत नकाशापुढं उभं केलं आणि स्वतःचा तालुका दाखवायला लावला. माणूस चंदगडचा, बोट गेलं सोलापुरावर. असल्या बाईला एक शब्द दोन वर्षं उच्चारता आला नाही आणि त्यापायी ती घरात कोंडून पडली, हे सांगून कुणाला खरं वाटायचं नाही. पण झालं तसंच.

दोन वर्षांपूर्वी गारगोटी रस्त्याला तिची स्कूटर घसरली, कण्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. चालणं गेलं ते जगाला दिसलं. लघवीवरचा ताबाही गेला होता, ते दिसण्यासारखं नव्हतं. तिथं एक नळी आली आणि नळीच्या टोकाला दोन लिटरची पारदर्शक पिशवी. ही पिशवी कमरेच्या खालीच टांगावी लागते, वर टांगली की आलेलं परत फिरतं. एवढं डॉक्टरांनी सांगितलं. ती लोकांत कशी न्यायची, हे सांगणं काही त्यांच्या कामात बसत नव्हतं.

घरात थोरला भाऊ सम्मेद, वहिनी आणि लग्नाची भाची आदिती. सम्मेदनं पहिल्याच महिन्यात पायऱ्या फोडून सिमेंटचा उतार केला, दार रुंद केलं. वहिनी रोज पिशवी रिकामी करायची, धुवायची, कधी नाक मुरडलं नाही. त्या माणसांची माया खोटी नव्हती, हे आधीच सांगायला हवं. खोटी असती तर सोनलला भांडता तरी आलं असतं.

वहिनीचा नियम एकच. पिशवीचं नाव काढायचं नाही. तिला नुसतं ‘ते’ म्हणायचं. ते भरलं का, ते बदलायचं का. आदितीसाठी स्थळं येत होती आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वहिनी माहेराहूनच शिकून आलेली. कुणी आलं की सोनलच्या मांडीवर शाल पडायची, ऐन मे महिन्यातसुद्धा. पाहुणा चहाला बसला की सोनल गप्पा मारता मारता मनात तास मोजायची. बाहेर जायचं तर दवाखान्यात, रिक्षाचे पडदे सोडून. मैत्रिणीचं बारसं चुकलं, शाळेची सहल चुकली, जैन देवळाची मोठी पंचकल्याणक पूजा गावात होऊन गेली. खिडकीतून रस्ता दिसायचा तेवढा दिसायचा. शिकवायला सगळी पृथ्वी होती, राहायला दहा बाय बाराची खोली उरली होती.

मग जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून पत्र आलं. सोळा तारखेला, सोमवारी, हजर व्हावं. वर्ग तळमजल्यावर दिला आहे, न आल्यास जागा भरावी लागेल. सोनलनं पत्र चारदा वाचलं. शाळा सहा तासांची. म्हणजे ‘ते’ सहा तास खुर्चीला टांगलेलं हवं, तिचं तिला तोटी उघडून रिकामं करता यायला हवं आणि पन्नास मुलींच्या डोळ्यांना दिसता कामा नये. अडचण पिशवीचीच होती, आणि तिला पाहिजे होती पिशवीची पिशवी.

सम्मेदनं आपली लॅपटॉपची बॅग खुर्चीच्या मागच्या दांड्यांना अडकवून दिली. बॅग मोठी झकास. पण मागं टांगलेल्या बॅगेत बसलेल्या माणसाचा हात पोचत नाही. बाकी सगळ्यांचे पोचतात. दोन दिवसांत तिच्यात वहिनीची कोथिंबीर, आदितीचा चार्जर आणि विजेचं बिल आलं. सोनलचं त्यात काही नव्हतं. तिनं भावाला सांगून पाहिलं, “दादा, ही पुढं पाहिजे, डावीकडं, बैठकीच्या खाली.”

“तिथं काय ठेवणार?” त्यानं विचारलं. तिनं मांडीवरची शाल ओढून घेतली. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो बॅगेतलं विजेचं बिल काढून घेऊन गेला.

शेवटी वहिनीनं समोरच्या कृष्णात शिंप्याला बोलावलं. कृष्णात साधा, कामाला पक्का. त्यानं खुर्चीभोवती फेरी मारली, कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, “ताई, आत काय काय ठेवणार? त्या मापानं शिवतो.”

सोनलनं तोंड उघडलं. पण वहिनी पुढं झाली.

“पूजेचं सामान हो. देवळात न्यायला. दुसरं काय असतंय तिचं?”

कृष्णातनं सोनलकडं पाहिलं. चंदगडच्या बापाला नकाशापुढं उभं करणाऱ्या बाईनं मान हलवली. त्या मान हलवण्याची तिला नंतर इतकी चीड आली, की रात्री जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी पिशवी आली. मरून रंगाची मखमल, कडेला सोनेरी गोट, आत अस्तर, कप्पे तीन, आणि दर्शनी बाजूला जरीच्या दोऱ्यानं भरलेलं ‘जय जिनेंद्र’. शिलाई घ्यायला कृष्णात तयार होईना. म्हणाला, “देवाचं काम हाय, न्हाय घेत.” वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या चिमणाबाई खास पाहायला आल्या, हात फिरवून गेल्या. पिशवी अर्थातच मागं टांगली होती.

शनिवारी दुपारी सोनलनं ती पिशवी आदितीकडून काढून घेतली आणि समोर ठेवून बसली. परवा सोमवार. मखमलीत ‘ते’ ठेवता येतंय का, प्लास्टिक लावून, काळी पिशवी आत घालून, असं सगळं तिनं मनात करून पाहिलं. पण देवाचं नाव भरलेल्या कापडात ते घालायला तिचा हात धजेना. मग कात्री घेतली, अक्षरं उसवावीत म्हणून. ‘ज’च्या पहिल्या टाक्यापाशीच हात थांबला. नाव ठेवताही येईना आणि काढताही येईना, अडकित्त्यातल्या सुपारीसारखी गत. तिला रडू आलं ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. सगळं जग तिच्यासाठी मऊ मखमल शिवत होतं आणि तिला साधी धुता येणारी ताडपत्री पाहिजे होती.

सम्मेद गारगोटीच्या बाजाराला गेला होता. “देवळात जाऊन येतो गं,” म्हणून वहिनी बाहेर पडली. आदिती क्लासला. सोनलनं मांडीवर शाल नीट केली, पूजेची पिशवी तिच्यावर ठेवली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा एकटीच उतारावरून खाली आली. शिंप्याचं दुकान पंचवीस पावलांवर. मधल्या गटारीच्या फरशीवर चाक अडलं, तळवे सोलले, पण पोचली.

“ताई? एकट्याच?” कृष्णातनं मशीन थांबवलं. “पिशवीचं काय उसवलं का?”

“काही उसवलं न्हाय. पिशवी चांगली आहे, माझ्या उपयोगाची न्हाय. मला दुसरी पाहिजे. त्यात...”

तिनं मागं वळून पाहिलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पलीकडं पानाच्या टपरीवर दोघं उभे होते. सोनलला हळू बोलता कधी आलंच नाही, तेव्हा जे आलं ते वर्गातल्या आवाजात आलं. “त्यात लघवीची पिशवी ठेवायची आहे. मला नळी आहे.”

टपरीवरच्यांनी मान वळवली नाही. कृष्णात दचकला नाही. “व्हय,” तो म्हणाला. “ठावं हाय की.”

“काय ठावं हाय?”

“नळीचं. सगळ्या गल्लीला ठावं हाय, ताई. वैनी गच्चीवर टॉवेलाखाली वाळत घालत्यात आन् वाऱ्यानं टॉवेल उडतोय. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय?”

सोनलनं मांडीवरची मखमल उचलून धरली. “मग ही कशाला शिवलीस?”

कृष्णातला अवघड झालं. तो पायाखालच्या चिंध्या गोळा करू लागला. “वैनी पूजेची म्हणाल्या. तुमी बी मान हलवली. आता मी कुठल्या तोंडानं म्हणायचं, न्हवं, ही मुताची हाय म्हणून? मला वाटलं, तुमास्नी तसंच बरं वाटत असंल. मग म्हटलं, निदान झ्याक तरी शिवावी.”

चिमणाबाईंनी मखमलीवरून हात फिरवला होता, तो हे माहीत असूनच. खिडकीखालून जाताना मान वर करून हसणारा दूधवाला, शाल घेतली की दुसरीकडं बघणारे पाहुणे, सगळ्यांना माहीत होतं. सगळे तिचं झाकत होते आणि ती सगळ्यांपासून झाकत होती. भांडणात बापाचा उद्धार करायला न कचरणारं हे गाव, इथं मात्र सगळ्यांनी मिळून तोंड शिवून घेतलं होतं.

“सोमवारच्या आत होईल?” तिनं विचारलं.

“उद्या सांच्याला देतो.” तो टेप घेऊन खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला, चारदोन टाचण्या ओठांत धरल्या आणि एका बाजूनं बोलला, “किती लिटरची?”

“दोन.”

“नळी कुठल्या अंगानं?”

“डाव्या. तोटी खाली. तिथं कापड उघडं पाहिजे.”

त्यानं शालीकडं बोट केलं. सोनलनं शाल काढून बाजूला ठेवली. रस्त्यावरून माणसं जात होती. तो माप घेत होता, बाकासारखं, उशीसारखं, कुठल्याही वस्तूचं घ्यावं तसं. दोन वर्षांत ‘त्या’ला लांबी-रुंदी आहे, असं कुणी धरलंच नव्हतं.

“कृष्णात,” ती म्हणाली, आणि या वेळी आवाज खरंच हळू आला, “सगळ्यांना माहीत होतं, तर मी दोन वर्षं आत कशाला बसले?”

कृष्णातनं ओठांतल्या टाचण्या काढल्या. “आमी इचारलं न्हाय, तुमी सांगितलं न्हाय,” तो म्हणाला. त्यानं टेप खाली सोडला आणि आकडा लिहून घेतला.