अक्का गाडीवर बसेनात

मे महिन्यातल्या एका सोमवारी, दुपारी अडीच वाजता, पाचोऱ्याकडच्या नाना पाटलांनी आमच्याकडून घेतलेली मोटरसायकल शोरूमसमोर उभी केली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"गाडी परत घ्या," ते म्हणाले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावात एका मोटरसायकल डीलरकडे मी वर्क्स मॅनेजर होतो. विकलेली गाडी ज्या कारणानं परत येते ते कारण ऐकून घेणारा माणूस म्हणजे वर्क्स मॅनेजर.

"इंजिनाला काही झालं का नाना?"

"इंजिन झकास आहे. घरवाली बसत नाही."

"का?"

"सीट भाजते. एकदा बाजारातून निघताना बसली आणि उभीच राहिली. आता ती एसटीनं येते आणि मी एसटीच्या मागं मागं मोटरसायकलवर. लोक विचारतात, नाना, एसटीला बंदोबस्त कधीपासून?"

मी हसलो नाही, कारण चूक माझी होती. एप्रिलमध्ये नाना हीच तक्रार घेऊन आले होते. तेव्हा मी त्यांना कंपनीचं पत्र दाखवलं होतं. सीटचं रेक्झिन नियमाप्रमाणे आहे, असं त्यात लिहिलं होतं. 'सवय होईल,' असं माझ्याकडचं एक वाक्यही मी वर जोडलं होतं.

रेक्झिन म्हणजे कापडावर चढवलेलं प्लास्टिक. काळं रेक्झिन ऊन पितं. त्याच्याखाली फोम असतो, आणि फोम उष्णता खाली जाऊ देत नाही. सगळा ताप वरच राहतो. पुरुष जाड पँट घालतो, पाय दोन्हीकडे टाकतो, फार चटका बसला तर फूटरेस्टवर उभा राहतो. साडीतली बाई एका बाजूला बसते. तिचा सगळा भार सीटवर असतो आणि तिला उठता येत नाही. आमच्या वर्कशॉपात गाडीची ट्रायल घेणारे सगळे पुरुष होते.

आमचे मालक, कांतीशेठ, आतून ऐकत होते. नाना पाणी प्यायला गेले तेव्हा ते बाहेर आले.

"भामरे साहेब, नाना बोलले की त्या पट्ट्यातली चार गावं ऐकतात. आठ दिवस घ्या. सीट गार झाली तर ठीक. नाहीतर मी गाडी परत घेतो, आणि तुम्ही आपली धुळ्याची ब्रँच बघा."

माझी बायको नलिनी जळगावच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. लग्नानंतरची तीन वर्षं मी धुळ्यात होतो. शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचं, सोमवारी पहाटे जायचं. एका घरात राहायला लागून आम्हाला सहा महिनेच झाले होते.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं.

"एसटीतली तुमची उशी मी कधीच देऊन टाकलीय," ती म्हणाली. "तेव्हा सीट गार करा." दुसऱ्या दिवशी तिनं शाळेच्या प्रयोगशाळेतून सही करून थर्मामीटर आणला.

उन्हात दोन तास उभ्या केलेल्या सीटवर घडी घातलेल्या कापडाखाली मी तो ठेवला. पारा अडुसष्टवर गेला. सावलीतली हवा चव्वेचाळीस होती.

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा, पाण्याचा. मेकॅनिकनं सीटवर बादली ओतली. सीट गार झाली. पण शिवणीच्या भोकांतून पाणी फोममध्ये गेलं, आणि फोम म्हणजे स्पंजच. मेकॅनिक बसला, उठला, आणि उरलेली दुपार भिंतीला पाठ लावून काम करत होता.

मग आमचे सीट शिवणारे कारागीर रशीदभाई यांनी पांढरं रेक्झिन चढवलं. पारा बराच उतरला. शेठनी सीटकडे पाहिलं.

"ही मोटरसायकल आहे का वरातीची घोडी?"

शिवाय काळ्या मातीच्या रस्त्यावर दोन चकरा मारल्यावर ती पांढरीही राहिली नाही.

तिसरा उपाय ओल्या गोणपाटाचा. तो चांगला चालला. सीट ओली होऊ नये म्हणून मी खाली प्लास्टिकही घातलं. शनिवारच्या बाजारात गाडी लावली आणि अर्ध्या तासानं आलो तर गोणपाट नव्हतं. पुढं एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. टोपलीखाली आमच्या गोणपाटाची चुंबळ होती. मी तसाच परत फिरलो. तिच्या डोक्याला त्याची जास्त गरज होती.

रविवारी घरी बिबड्या होत्या. बिबड्या म्हणजे ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे पापड. खानदेशात त्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळवतात. नलिनी आणि दोन शेजारणी बाजेवर धोतर पसरून बिबड्या घालत होत्या. कावळे हाकलण्याचं काम माझ्याकडे होतं. पुस्तक घेऊन मी जिन्याच्या सावलीत बसलो होतो. मध्येच पाणी आणायला खाली गेलो आणि पुस्तक कठड्यावर उन्हात राहिलं.

वर आलो तेव्हा नलिनी ते उचलत होती. पुठ्ठ्याचा चटका बसून तिनं ते खाली टाकलं. मग पदरानं धरून उघडलं आणि आतल्या पानावर तळहात ठेवला.

"अहो, इकडे या. हात लावा."

पुठ्ठा भाजत होता. पान गार होतं.

"तुम्ही आठवडाभर तापलेली सीट निववताय," ती म्हणाली. "तापू कशाला देता?"

"वर काही टाकलं की चोरीला जातं."

"पुस्तकाचा पुठ्ठा चोरीला जातो का? शिवलेला असतो तो."

शेजारीण म्हणाली, "मास्तरीणबाई, कावळा." एक बिबडी गेली. त्या दिवशी मी फार कावळे हाकलले नाहीत.

सोमवारी सकाळी मी रशीदभाईंना पुस्तक दाखवलं. त्यांनी ते उघडून मिटून पाहिलं.

"समजलं. पण साहेब, शिलाई कुठं घेऊ? उजवीकडं सायलेन्सर, डावीकडं बाईचे पाय."

"तुम्हीच सांगा."

"मागं घेतो. बिछान्यासारखी वळकटी होऊ द्या."

त्यांनी वर पांढरं कॅनव्हास, खाली जुन्या गोधडीचे दोन थर घेऊन सीटभर पांघरूण शिवलं. मागच्या टोकाला ते पक्कं टाचलं, पुढं अडकवायला इलॅस्टिक लावलं. गाडी उभी केली की पांघरायचं. बसताना मागं गुंडाळून पट्ट्यानं बांधायचं.

दुपारी नाना आले, मोटरसायकलवाल्या एका भाच्याच्या मागं बसून. त्यांच्या घरवाली, अक्का, एसटीनं आल्या. नानांची गाडी बारापासून उन्हात उभी होती. मी पांघरूण काढलं. थर्मामीटर पंचेचाळीस दाखवत होता. मी तो अक्कांपुढं धरला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. तव्याची धग बघतात तसा उलटा हात सीटवर धरला, मग टेकवला, आणि चढून बसल्या. मागची वळकटी पाठीला लागली तशा जरा रेलल्या.

"आते बेस शे," त्या अहिराणीत म्हणाल्या. "टेकाले बी भेटनं."

"मग गाडी ठेवायची ना?" नानांनी विचारलं.

"गाडी ठेवा. तुमनं बोलनं जरा कमी ठेवा."

शेठ हसत आत गेले. धुळ्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्या उन्हाळ्यात रशीदभाईंना जेवायला सवड मिळेना. अक्कांनी किती गावांत सांगितलं कुणास ठाऊक, पण पांघरूण मागायला येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, "घरून सांगितलंय." पुढच्या वर्षी कंपनीचं परिपत्रक आलं. गाडी शक्यतो सावलीत उभी करावी, असं त्यात लिहिलं होतं.

वस्तू कुणाला वापरायची आहे ते आधी पाहावं आणि त्याच माणसाला बसवून ट्रायल घ्यावी, एवढं मी त्यातून शिकलो. पुढं नवीन मेकॅनिकलाही तेच सांगत आलो.

नलिनी आणि मी त्यानंतर सव्वीस वर्षं एका घरात राहिलो. ती गेल्या चैत्रात गेली. मुलगा पुण्याला बोलावतो. मी जळगावातच आहे.