चॅसीतली पाच भोकं

स्क्रू ड्रायव्हर मी नुसता टेकवला होता. जोर लावलाच नव्हता. तरी तो चॅसीत मुठीपर्यंत आत गेला आणि ओंजळभर लाल भुगा माझ्या तोंडावर पडला. मी जीपखाली उताणा पडलो होतो. डोळ्यांत गंज, तोंडात गंज. आणि बाहेरून भागूजी विचारत होता, "मिस्तरी, झालं का? किती येळ लागंल?"

मी खालूनच म्हणालो, "गाडीत कोणी बसलंय का बघ. बसलं असेल तर आधी उतरव."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कळंबला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. वर पत्रे, एक वेल्डिंग मशीन, एक चेन पुली, मी आणि माझा वेल्डर विठ्ठल. विठ्ठल माझ्याच वयाचा, दिवसाला दहा शब्द बोलणारा. बाकीचे शब्द मी बोलायचो, आणि त्यातले बरेचसे ओरडून. आमच्या पट्ट्यात "मिस्तरी चांगला आहे, पण तोंड सांभाळून जा" असं माझ्याबद्दल सांगायचे. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. खरं तर बरंच वाटायचं.

भागूजी डिंभ्याचा. पहाटे धरणावरून मासे घेऊन मंचरला टाकायचा. परत जाऊन गाडी धुवायचा आणि त्याच जीपमधून आसपासच्या वाड्यांची पोरं घोडेगावच्या शाळेत न्यायचा. तिकडे एसटी होती, पण ती मनात येईल तेव्हा यायची.

चॅसी म्हणजे काय ते आधी सांगतो. चॅसी म्हणजे गाडीचा कणा. लोखंडाच्या दोन लांब तुळया, पुढून मागपर्यंत, आणि त्यांना बांधून ठेवणारे आडवे जोड. इंजिन, स्प्रिंगा, बॉडी, माणसं, सगळं त्यावर. बॉडीचा पत्रा सडला तर पाय भिजतात, एवढंच. चॅसी सडली तर गाडी मधून बसते. कधी आणि कुठे बसायचं ते ती कोणाला विचारत नाही.

या जीपच्या मागच्या भागात तुळया चारी बाजूंनी बंद होत्या, लांबट पेटीसारख्या. मूळची तुळई एका बाजूने उघडी असते. जास्त माणसं भरता यावीत म्हणून आमच्याकडे जुन्या जीपना पट्टी मारून ती बाजू बंद करून घेतात. त्याने गाडी मजबूत होते, यात वाद नाही. पण मग आत ब्रश जात नाही आणि नजरही जात नाही.

बाहेरून मात्र चॅसी काळी कुळकुळीत होती.

"हा रंग कोणी दिला?" बाहेर येऊन मी विचारलं.

"म्याच. दर दसऱ्याला देतो. गाडी पुजायची म्हणल्यावर जरा चकाकाय नको का?"

"गंज घासून देतोस?"

"घासायचा कशाला? वरनं मारायचा."

मी नखाने रंगाचा पापुद्रा उचकटला. हाताएवढा तुकडा निघाला. एकावर एक इतके थर होते की मागचे सगळे दसरे त्यात मोजता आले असते. त्याच्या पाठीला चिकटून लोखंडही आलं, बिस्किटासारखं. माझं डोकं सटकलं. गंजावर रंग दिल्याने गंज मरत नाही. तो फक्त दिसेनासा होतो. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलोय आणि आयुष्यभर लोक दसऱ्याला ब्रश घेऊन बसतात.

"मासे कशात आणतोस?"

"पाट्यांत. बर्फ घालून. जादा गार ऱ्हावं म्हणून वरनं खडेमीठ."

"आणि ते पाणी कुठे जातं?"

"फ्लोअरला भोकं हायेत की. खाली जातं."

फ्लोअरला खरंच पाच भोकं होती, एका ओळीत. पाणी खाली रस्त्यावर पडत असेल, असं मी धरलं आणि पुढे ओरडायला लागलो.

भागूजीने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वरनं पट्टी मारा की राव. आज बुधवार. सोमवारपासनं पोरांची धाव्वीची परीक्षा हाय. घोडेगावला सेंटर. नऊ पोरं हायेत, माझी सुनंदा धरून. यष्टी आली न्हाई तर पोरांनी काय करावं?"

"पट्टी कशाला मारू? वेल्डिंग करायला खाली लोखंड लागतं. इथे लोखंड कुठे आहे? पापडाला कोणी टाके घालतं का?"

"मग मंचरला न्हेतो. तिथं मारून देत्याल."

देतील, हे मला माहीत होतं. पट्टी मारायची, फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, काळा रंग फासायचा. दोन तासांचं काम. याच गोष्टीने माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. असं करून देणारा माणूस मिळतो, म्हणून माझ्यासारख्याला रोज भांडावं लागतं.

"सुनंदा कुठे बसते?" मी विचारलं.

"मागं. डाव्या अंगाला, कडंला. तिला वारं लागतं."

मी त्याला मनगट धरून खाली वाकवलं आणि चॅसीत स्क्रू ड्रायव्हरने पडलेलं भोक दाखवलं. मागच्या डाव्या स्प्रिंगचा ब्रॅकेट तिथेच बसतो. त्याच्या बरोबर वर सुनंदाची जागा. "इथून गाडी तुटली तर मागचं चाक निसटेल. डिंभ्याच्या उतारावर निसटलं तर परीक्षेला कोण जाईल, सांग."

मी जीपची चावी काढून खिशात टाकली.

"पोरीचं वरीस जाईल, मिस्तरी. गावातली धाव्वीला बसणारी पयली पोरगी हाय ती."

त्याचा आवाज बारीक झाला होता. त्याने भांडायला हवं होतं. समोरचा भांडला की मला सोपं जातं. मी रागातच बोलून बसलो, "वर्ष जाणार नाही. सोमवारी सकाळी गाडी तुझ्या दारात. पण पट्टी नाही. मागची अर्धी चॅसी नवीन."

विठ्ठलने वर बघितलं. त्या दिवशीचे त्याचे दहा शब्द संपले असावेत. तो लोखंड बघायला गेला.

अर्धीच का, तर पुढचा भाग चांगला होता. चॅसीवर हातोडी मारत जायचं. चांगलं लोखंड टण वाजतं, सडलेलं थप वाजतं. इंजिनपासून मधल्या आडव्या जोडापर्यंत सगळं टण. तिथून मागे सगळं थप. शिवाय चॅसीचा नंबर पुढच्या भागावर ठोकलेला असतो. सबंध चॅसी बदलायची तर आधी आरटीओची परवानगी, आणि तिला चार दिवस पुरत नाहीत.

भागूजी दिवसभर गॅरेजमध्येच असायचा. सकाळी मिळेल त्या पहिल्या गाडीने यायचा, अंधार पडायच्या आत परत जायचा. नट सोडव, पाना दे, जाम नटांना डिझेल लाव, सांगेन ते करायचा. मी येता जाता त्याला बोलायचो. मिठाबद्दल, रंगाबद्दल. तो "हां मिस्तरी" म्हणायचा. त्या "हां मिस्तरी"चाही मला राग यायचा.

शुक्रवारी सकाळी बॉडी उचलली. सहा माणसं लागली. समोरच्या चहावाल्या दगडूपासून ट्रकच्या क्लीनरपर्यंत जो दिसला त्याला हाताला धरून आणला. बॉडी बाजूला लाकडांवर ठेवली आणि उघडी चॅसी पहिल्यांदाच वरून दिसली.

डाव्या तुळईच्या वरच्या बाजूला पाच भोकं होती. एका ओळीत. फ्लोअरच्या भोकांच्या बरोबर खाली. प्रत्येकाच्या तोंडाशी मिठाचा पांढरा ओघळ वाळलेला.

मला एका क्षणात सगळं कळलं. कोणीतरी वरून ड्रिल धरलं होतं. पत्र्यातून ते आरपार गेलं आणि खालच्या तुळईतही उतरलं. मिठाचं पाणी रस्त्यावर पडतच नव्हतं. ते थेट पेटीत जात होतं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने आतच साचत होतं. रोज. बाहेरून दसऱ्याचा रंग आणि आतून मीठ.

मग माझं तोंड सुटलं. कोणत्या गाढवाने ही भोकं पाडली? ड्रिल धरण्याआधी खाली वाकून बघता येत नव्हतं? कंबर मोडली होती? असल्या माणसाच्या हातात पाना देणाऱ्याला आधी धरला पाहिजे. खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींचं काम चाललं होतं तेव्हा मी वर्षभर एका कंत्राटदाराकडे वेल्डिंगला होतो. तिथला इंजिनियर एक भोक पाडायला तीन वेळा मोजायला लावायचा. ते सगळं मी त्या सहा जणांना ऐकवलं. एक भोक म्हणजे काय असतं, यावर भाषण केलं. त्या गाढवामुळे नऊ पोरं मेली असती, असंही म्हणालो. दगडू मान हलवत होता. रस्त्यावरचे दोघे-तिघे आणखी थांबले. ऐकायला माणसं असली की माझा आवाज चढतो.

भागूजी चॅसीजवळ उभा होता. भोकांकडे बघत होता.

अर्ध्या तासाने सगळे चहाला गेले. मी कापायच्या जागेवर खडूने रेघा मारत बसलो होतो. भागूजी जवळ येऊन उकिडवा बसला.

"मिस्तरी, रागावू नका."

"मी रागावलेलोच आहे. बोल."

"ती भोकं तुमीच पाडली व्हती."

मी खडू खाली ठेवला.

"चार सालं झाली. मासळीचं पाणी गाडीत साचायचं, पोरं नाक दाबायची. म्हणून गाडी तुमच्याकडं आणली व्हती. तुमी वरनं ड्रिल धरलं. म्या म्हणलो, खाली काय हाय ते बगू का वाकून? तुमी म्हणला, मला शिकवतो का."

आठवलं. गाडी आठवली नाही, भोकं आठवली नाहीत. ते वाक्य आठवलं, कारण ते मी रोज कोणाला ना कोणाला म्हणायचो. मग हळूहळू बाकीचंही आलं. बाहेर ट्रॅक्टरवाला खोळंबला होता. मी घाईत होतो. लांब बिट लावलं होतं, आणि ड्रिल दुसऱ्यांदा अडल्यावर मी आणखी जोर लावला होता. पाचही वेळा.

"मग बुधवारपासून माझं ऐकून का घेतलंस? तेव्हाच बोलायचं."

"तवा मला तरी काय ठावं, खाली बी भोक पडलंय? आज बॉडी उचलल्यावं दिसलं." त्याने चहाला गेलेल्यांकडे बघितलं. "आन मगाशी लई मान्सं व्हती."

मला लाज वाटली. साधी नाही, कानाच्या पाळ्या तापण्याइतकी. आणि रागही आला, बुधवारपासून आला नव्हता इतका. फक्त तो काढायला समोर कोणी नव्हतं. जो समोर बसला होता त्याने सहा माणसांत माझी अब्रू राखली होती, आणि मी त्याला तीन दिवस मिठावरून झोडपत होतो. त्याच्या पोरीच्या सीटखाली भोक मी पाडलं होतं.

माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "दोरी धर."

चॅसी कापण्याआधी दोरी धरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घेतात. दोन्ही सारखी आली तर चॅसी काटकोनात आहे. नाहीतर जोडल्यावर गाडी रस्त्यावर तिरकी चालते. ती मापं मी चार वेळा घेतली. तुळया सरळ न कापता तिरक्या कापल्या, म्हणजे जोड लांब होतो आणि सगळा ताण एका रेघेवर येत नाही. जोडाच्या आत जाड पट्टी बसवली. विठ्ठलने एका बाजूला दोन बोटं वेल्डिंग करायचं, मग दुसऱ्या बाजूला, म्हणजे लोखंड तापून वाकत नाही. शनिवारभर तेच चाललं. आतून गंजरोधक रंग ओतून फिरवला. तुळईच्या खालच्या अंगाला पाणी निघायला वाट ठेवली. फ्लोअरची पाचही भोकं बुजवली आणि मागच्या फळीजवळ, चॅसीच्या बाहेर, एक नळी काढली.

ती नळी काढताना मी आधी खाली जाऊन झोपलो. भागूजी वरून बघत होता. हसला असता तर मला चाललं असतं. हसला नाही.

रविवारी दुपारी बॉडी बसली. मजुरी घेतली नाही. घ्यायला तोंड नव्हतं.

सोमवारी सकाळी मी जीप घेऊन डिंभ्याला गेलो. नऊ पोरं आली, पाठ करत, पुटपुटत. मी मागे डाव्या बाजूला कडेला जाऊन बसलो. सुनंदा कंपास छातीशी धरून उभी राहिली. बारीकशी, दोन वेण्यांची पोरगी. "काका, ती माझी जागा हाय," ती म्हणाली.

"आज माझी आहे. तू पुढे वडलांजवळ बस."

उतारावर मी खाली कान लावून होतो. काहीच वाजलं नाही. घोडेगावला पोरं उतरली आणि पळाली.

परत कळंबला आलो तर दगडूने चहाचा ग्लास पुढे केला. "काय मिस्तरी, गावला का त्यो भोकं पाडणारा गाढव?"

"सापडला," मी म्हणालो.

"कुठला हाय?"

"इथलाच. कळंबचा. तुझ्याकडेच चहा पितो."

दगडूने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या ग्लासाकडे. विठ्ठल बाकावर बसला होता. तो मोठ्याने हसला. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच तसं हसताना ऐकलं.

राग माझा कमी झाला नाही. तो अजूनही आहे, घरचे सांगतील. पण त्यानंतर गॅरेज बंद करेपर्यंत गिऱ्हाईक "खाली बघू का" म्हणालं की मी फक्त एवढंच म्हणायचो, "बघ. आणि दिसलं तर सगळ्यांसमोर सांग."