मापाड्याचा अंगठा

विषय : एका माणसास राहण्यासाठी खोली न मिळाल्याबाबत, व त्यापायी पुढे जे घडले त्याबाबत.

तक्रारदार : खाली सही करणार, वय वर्षे बावन्न, शिक्षण इयत्ता आठवी, व्यवसाय अर्जलेखन, पूर्वी तालुका कचेरीच्या आवारात, हल्ली मुक्काम हिल्सबरो, ऑकलंड.

ज्याच्याविषयी : नाव देत नाही. एकदा दिले होते. त्याचे काय झाले ते खाली येईल.

काळ : दोन हजार सालानंतरचा एक हिवाळा आणि त्याच्या मागून आलेला उन्हाळा.

साक्षीदार : एक, माझी पत्नी, व्यवसाय परिचारिका. दोन, आमच्या कोपऱ्यावरच्या डेअरीचे गुजराती मालक. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान.

कोणाविरुद्ध : प्रथम शहर, मग सरकार, शेवटी मी स्वतः.

वाचकहो, तो माणूस कोणतीही महत्त्वाची गोष्ट सांगण्याआधी उजव्या हाताचा अंगठा मुठीत दडवायचा. मग मूठ छातीशी धरून म्हणायचा, "जितना है, उतना. न कम, न ज़्यादा."

अफगाणिस्तानातल्या एका गावच्या सुक्या मेव्याच्या बाजारात तो मापाडी होता. वजन करताना पारड्याच्या कडेला अंगठा टेकला की पावशेर बदाम इकडचे तिकडे होतात, हे त्या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक. म्हणून त्याच्या वडिलांनी त्याला शिकवले होते की, तराजू डाव्या हाताने धरायचा आणि उजवा अंगठा मुठीत घालून गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवायचा. बाजार सुटला, गाव सुटले, पण ती मूठ त्याच्याबरोबर आली. पेशावरमध्ये काही वर्षे काढल्यामुळे त्याला उर्दू येत होती. मला कचेरीच्या आवारात शिकलेली हिंदी येत होती. आमचे तेवढ्यावर भागत असे.

माझ्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. पत्नीला इथे नोकरी मिळाली आणि मी तिच्या मागे आलो. पुण्या-मुंबईची संगणकवाली तरुण मंडळी मला नमस्कार करतात आणि पुढे जातात. परंतु त्यांचे आईवडील, जे सहा-सहा महिने इथे येऊन राहतात, ते माझ्याकडे थांबतात. त्यांच्यासाठी मी ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसून अर्ज लिहीत असे. हिल्सबरोच्या एका बसथांब्यावर आज जो बाक आहे, तो माझ्या अर्जाने आला, हे नम्रपणे नमूद करतो. इंग्रजी अर्जाचे सात मसुदे मला तोंडपाठ आहेत.

त्या हिवाळ्यात तो ग्रंथालयाच्या हीटरजवळच्या खुर्चीत बसू लागला. सकाळी दार उघडताच यायचा, बंद होताना जायचा. आठ-दहा दिवस त्याने माझे काम पाहिले. मग एके दिवशी समोर येऊन मूठ छातीशी धरली.

"आप काग़ज़ लिखते हैं?"

"लिखता हूँ. किसको लिखना है?"

"जो कमरा दे, उसको."

तो न्यू लिन या उपनगरातल्या एका गॅरेजात राहत होता. चार माणसे, सिमेंटच्या जमिनीवर गाद्या, भिंतीवर काळी बुरशी. मालकाची अट अशी की, त्या पत्त्यावर एकही सरकारी पत्र येता कामा नये. त्यामुळे या देशात आश्रय मिळावा म्हणून त्याने केलेल्या दाव्याची सारी पत्रे त्याच्या वकीलबाईंकडे जात, आणि वकीलबाईंना हा सापडत नसे. मुलाखतीची एक तारीख अशीच हुकली होती. दुसरी हुकली तर दावा बंद. दावा मान्य झाला तरच पेशावरमध्ये राहिलेली बायको आणि नऊ वर्षांची मुलगी त्याला इथे आणता येणार होती. म्हणून त्याला टपालपेटी असलेली खोली हवी होती. उबेचे त्याने नावही काढले नाही.

इथे एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. ज्या निर्वासितांना हे सरकार परदेशातल्या छावण्यांतून स्वतः निवडून आणते, त्यांना उतरल्यावर निवारा मिळतो, भाषेचे वर्ग मिळतात, पुढे घर मिळते. हे काम चांगले आहे आणि मी ते कोणासमोरही कबूल करीन. परंतु जो आपल्या तिकिटाने येतो आणि विमानतळावर उभा राहून "मला परत पाठवू नका" एवढेच म्हणतो, त्याच्या हाती फॉर्म पडतात. त्या फॉर्मवर पत्ता कोणता लिहायचा, हे त्याला कोणी सांगत नाही.

आम्ही प्रथम नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाई अतिशय सौजन्यशील होत्या, त्यांनी इथल्या माओरी भाषेत नमस्कारही केला.

"किआ ओरा! घरांचं का? सॉरी, ते आमच्याकडे नाही. ते सेंट्रल गव्हर्नमेंट बघतं."

सरकारी कचेरीतले गृहस्थही सौजन्यात कमी नव्हते. "यांच्या दाव्याचा निर्णय झालाय का? नाही ना? मग यादीत नाव घालता येत नाही. कौन्सिलला विचारलंत?"

आम्ही पुन्हा कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, विचारले. कौन्सिलने पुन्हा सरकारचा पत्ता दिला, नकाशासह. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या खेपेला परतताना बसमध्ये तो बराच वेळ दोन्ही तळवे समोर धरून बसला होता.

"साहब," तो म्हणाला, "दोनों पल्ले बिल्कुल बराबर हैं. दोनों ख़ाली."

मी हसलो. तोही हसला. पुढच्या आसनावरच्या बाईने वळून पाहिले, तेव्हा त्याने घाईने तळवे खाली घेतले.

त्याच्या खरेपणाचा आमच्या घराला हळूहळू लळा लागला. पत्नी माझ्या डब्याबरोबर त्याचाही डबा देऊ लागली. संध्याकाळी तो डबा धुऊन, पुसून परत करायचा आणि निरोप द्यायचा, "बहनजी से कहिए, दाल अच्छी थी. नमक कम था."

मला हे सांगायला संकोच वाटला. पत्नी मात्र खूश झाली. "अहो, वीस वर्षं तुम्ही नुसतं 'छान' म्हणताय. एवढ्या वर्षांत कोणीतरी खरं बोललं!"

त्यानंतर ती रोज विचारू लागली, "मीठ कसं होतं म्हणाले?"

डेअरीत तो फोनचे कार्ड घ्यायला यायचा. तिथे तो कांद्याची पिशवी नुसती उचलून वजन सांगे आणि मालक काट्यावर ठेवून बघत. एकदाही फरक निघाला नाही. "भाई, इसको काम पे रखूँ तो मेरी दुकान बैठ जाएगी," मालक मला म्हणाले. "ये तो ग्राहक के सामने सच बोलेगा."

त्या कार्डावरून तो मुलीशी बोलायचा. एकदा मी शेजारी उभा होतो. फोन ठेवून तो म्हणाला, "पूछती है, अब्बा, घर मिला? मैंने कहा, नहीं."

"अरे भाई, थोडा अच्छा बोलने का. बच्ची है."

"फिर कल क्या बोलूँगा?"

या प्रश्नापासून मी काही शिकलो नाही, हे पुढील मजकुरावरून दिसेल.

दोन्ही कचेऱ्यांत तोंडी विनंती संपल्यावर मी रीतसर अर्ज करण्याचे ठरवले. नगरपालिकेच्या प्रमुखांच्या नावे. त्याला समोर बसवले आणि हकिगत विचारली. त्याने अंगठा मुठीत घेतला.

त्याचा एक भाऊ होता. एका दुपारी बाजारात गाडी आली आणि भावाला घेऊन गेली. हा त्या वेळी आतल्या बाजूला मनुका तोलत होता. बाहेर आला तेव्हा गाडी गेलेली होती. रस्त्यात भावाचा एक जोडा पडला होता. दुसऱ्या दिवशी निरोप आला की, आता तुझी पाळी.

"कितने आदमी थे?" मी विचारले.

"मैंने देखा नहीं."

"मारा क्या उसको?"

"मालूम नहीं, साहब. वापस नहीं आया. जितना है, उतना."

वाचकहो, मी तीस वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. कारकुनाची नजर कुठे थांबते आणि कुठे घसरते, हे मला ठाऊक आहे असा माझा समज होता. "पाहिले नाही", "माहीत नाही" असल्या वाक्यांचा अर्ज कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. एक म्हैस मेली तर आमच्या कचेरीच्या आवारात अर्जात दोन लिहीत, तेव्हा कुठे एकीची भरपाई मिळे. त्या सवयीने मी लिहिले की, अर्जदाराच्या दोन भावांना त्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या घालण्यात आल्या.

अर्ज इंग्रजीत होता. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. त्याने कागदावर बोट ठेवून विचारले, "जितना है, उतना लिखा?"

मी म्हणालो, "लिखा."

मग मी गावाहून आणलेली शाईची डबी काढली. नुसती सही मला कधीच पुरेशी वाटत नाही. सहीखाली अंगठा असला की कागदाला वजन येते. इथे असा अंगठा कोणी मागत नाही, हे पत्नीने मला अनेकदा सांगितले होते. त्याने मुठीतून अंगठा बाहेर काढला आणि माझ्या हाती दिला. मी तो शाईत दाबला आणि कागदावर टेकवला.

अर्जाच्या शेवटी "प्रत माहितीसाठी रवाना" म्हणून पाच कचेऱ्यांची नावे घातली. हीही आमची रीत. जितक्या प्रती, तितका वचक. पाचवी प्रत इमिग्रेशनच्या कचेरीला, त्याच्या दाव्याचा क्रमांक घालून.

नगरपालिकेने पत्राबद्दल आभार मानले आणि विषय आपल्या कक्षेत येत नसल्याचे कळवले. तीन कचेऱ्यांनी काहीच कळवले नाही. एकीने माहितीपत्रक पाठवले. पाचवी प्रत मात्र योग्य फायलीत लागली आणि तिथे ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली गेली.

मुलाखतीची दुसरी तारीख वकीलबाईंनी ग्रंथालयात निरोप ठेवून कळवली. त्या मुलाखतीत अधिकाऱ्याने तो कागद त्याच्यासमोर ठेवला. हे मला वकीलबाईंकडून कळले. अर्जात दोन भाऊ आहेत, दाव्यात एकच आहे. अर्जात तुम्ही पाहिलेत, दाव्यात पाहिले नाहीत. यातले खरे कोणते?

त्याने सांगितले, "भाऊ एकच."

मग हे कोणी लिहिले?

त्याने माझे नाव घेतले नाही.

हा अंगठा कोणाचा?

त्याने कागद जवळ घेऊन नीट पाहिला आणि म्हणाला, "अंगठा माझा आहे."

दावा नामंजूर झाला. निर्णयात लिहिले होते की, अर्जदार प्रसंगानुसार हकिगत बदलतो, सबब त्याच्या कथनावर विश्वास ठेवता येत नाही. त्या माणसाविषयी असे वाक्य लिहिले गेले, आणि त्याला कारण माझी लेखणी.

मी वकीलबाईंकडे धावलो. शपथेवर लिहून दिले की, दुसरा भाऊ माझा, गोळ्या माझ्या, डोळ्यांदेखत हे शब्द माझे. वकीलबाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे मित्र आहात. वाचवण्यासाठी लिहिताय असं ते म्हणतील." अपिलात तसेच म्हटले गेले. मी आयुष्यात प्रथमच जेवढे होते तेवढे लिहिले होते आणि ते कोणी खरे धरले नाही.

अपिलाचा निकाल लागल्यावर तो ग्रंथालयात आला. उन्हाळा होता, हीटर बंद होता, तरी तो त्याच खुर्चीत बसला. मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो. माफी मागण्याचा एकही मसुदा मला आठवेना.

"आपने क्यों लिखा, साहब?"

"मुझे लगा, कम पडेगा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते.

"एक भाई कम था?"

एवढेच बोलला. त्या दिवशी मी नेलेला डबा मात्र त्याने घेतला, खिडकीशी बसून खाल्ला, धुतला, पुसला आणि माझ्या टेबलावर ठेवून गेला. दारातून बाहेर पडताना मी त्याचा उजवा हात पाहिला. बोटे उघडी होती, अंगठाही उघडाच होता.

त्यानंतर तो दिसला नाही. गॅरेजातल्या माणसांनी सांगितले की, सकाळी इमिग्रेशनचे दोन अधिकारी आले आणि त्याला नेले. त्याची बॅग हलकी होती, असे त्यांच्यातला एक म्हणाला. नेमकी किती, ते त्याला सांगता आले नाही. पेशावरच्या पत्त्यावर मी दोन पत्रे धाडली. दोन्ही परत आली.

त्या शेवटच्या दिवशी घरी आलो तेव्हा पत्नीने डबा हातात घेत विचारले, "मीठ कसं होतं म्हणाले?"

मी म्हणालो, "काही म्हणाले नाहीत." तिने तो धुतलेला डबा पुन्हा एकदा धुतला.

सबब विनंती अर्ज करतो की, जो माणूस हात वर करून या शहरात उतरतो, त्याला पहिल्याच दिवशी टपालपेटी असलेली एक खोली द्यावी. तिचे भाडे शहराने भरायचे की सरकारने, हे दोघांनी एका टेबलाशी बसून ठरवावे. त्या माणसाला बसमधून फिरवून ठरवू नये. त्याची भाषा जाणणारा, शिकलेला, पगारी माणूस त्याच्याजवळ बसवावा, म्हणजे हकिगत लिहिण्यासाठी त्याला माझ्यासारख्याचे टेबल शोधावे लागणार नाही. माझ्या गुन्ह्याची जी शिक्षा असेल ती मला द्यावी. ती त्याला देण्यात आली आहे.

या अर्जाची प्रत कोणासही रवाना केलेली नाही. शाईची डबी मी टाकून दिली आहे. सदर अर्जात एक भाऊ आहे. त्याला दुपारी नेले. कोणी नेले ते पाहिलेले नाही. त्याचा एक जोडा रस्त्यात राहिला. याहून अधिक काहीही लिहिलेले नाही.

एवढे पुरेसे आहे किंवा कसे, याचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.