आधी तोटी, मग पाणी

चावीबाईशी वाकडं घेऊन गावात कोणाचंच भलं झालं नव्हतं. नवरा गेल्यावर गावाला पाणी सोडायचं काम तिच्याकडे आलं, आणि व्हॉल्व्ह फिरवायची ती लांबलचक लोखंडी चावीही. चावी खांद्यावर आणि जीभ चावीच्या चार पावलं पुढे, असा बाईचा थाट!

गाव वाढत होतं. टेकाडावर नवी आळी उभी राहिली आणि तिथल्या अगदी शेवटच्या घरात चावीबाईची लेक संसार मांडून बसली. वाढत्या गावासाठी मोठी टाकी बांधली, जाड पाइप टाकले. आता दिवसभर पाणी येणार म्हणून सगळे खूश. पण पाणी सोडलं आणि सकाळ सरायच्या आत टाकी कोरडी ठणठणीत. टेकाडावर थेंब पोचला नाही.

कारण दारोदारी दिसत होतं. जुन्या पाइपाला करंगळीएवढी धार यायची, म्हणून लोकांनी खड्डे खणून नळ खाली उतरवले होते आणि तोट्या काढून भंगारात दिल्या होत्या. येईल तेवढं भरायचं. बंद करायचंय कशाला? आता नव्या पाइपातून पाणी धो धो येत होतं आणि खड्ड्यांची डबकी होत होती.

"आठवड्याभरात वर पाणी चढलं नाही तर टेकाडाची लाइन बंद होईल. मग टँकर," पाणीयोजनेचा अभियंता म्हणाला. सांगताना त्यालाही बरं वाटत नव्हतं.

संध्याकाळी लेक आली. "आई, टँकरवर किती दिवस काढायचे? हे म्हणतायत, शहरात खोली बघू."

"हे म्हणतायत. आणि तू?"

लेकीनं आईच्या पिंपातून आपली कळशी भरून घेतली. चावीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी तिनं मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याच्या झाकणावर फतकल मारून बसली. गावभर निरोप गेला, आधी तोटी, मग पाणी. रिकाम्या बादल्या घेऊन गाव धावून आलं.

"बाई, पाणी गावाचं आहे. तुझ्या बापाचं नाही!" गावप्रमुख कडाडले.

"बापाचं असतं तर एवढं सांडू दिलं असतं का तुम्हाला?"

"अगं, लेकीपायी सगळ्यांना तहानलेलं ठेवतेस?" थोरली जाऊ म्हणाली.

"हो, लेकीपायीच! तुमचा धाकटाही टेकाडावरच जागा बघतोय ना, जाऊबाई?"

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "तुझ्या नळाला तरी आहे का तोटी?"

नव्हती. सगळे हसले. चावीबाई झाकणावरून तसूभर हलली नाही.

"नाही. प्लंबरला सांगा, सुरुवात माझ्या घरापासून."

गाव दिवसभर शिव्या देत होतं आणि तोट्या बसवत होतं. शेवटची बसली ती गावप्रमुखांच्या अंगणात, तीही त्यांच्या बायकोनं दम दिल्यावर.

दुसऱ्या दिवशी पाणी सोडून चावीबाई टेकाड चढली. लेकीच्या नळाला पहिल्यापासून तोटी होती, पण ती कधी भिजलीच नव्हती. आता ती फुसफुसली, खोकली, गढूळ थुंकली, आणि स्वच्छ धार लागली. बादली भरून वाहायला लागली तरी लेक बघतच राहिली. तिचे डोळे भरले होते. आईचेही.

"रडायचं नंतर," चावीबाई म्हणाली. "आधी तोटी बंद कर."