वेल्डिंगला आलेली बंदूक

आज दुपारी दुकानात जे घडलं, ते इतरांनाही कळावं म्हणून इथे लिहितेय.

जामसंड्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रिल, फवारणीचे पंप असं काहीबाही दुरुस्त करते. आज आमच्या वाडीतले प्रकाशदादा वडिलांची ठासणीची बंदूक पोत्यात गुंडाळून घेऊन आले. त्यांच्या आंब्याच्या कलमांत माकडांनी उच्छाद मांडलाय आणि बंदुकीचा घोडा मोडलाय.

"जरा वेल्डिंग मारून दी गो."

"दादा, बंदुकीक हात लावूची माका परवानगी नाय. तुमच्याकडे तरी परवानो आसा?"

"बाबांच्या नावार आसा." बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. "घाबारतंस कित्याक? रिकामीच आसा. ह्या बघ."

त्यांनी ठासायचा गज आधी नळीला बाहेरून लावून तो किती आत जायला हवा ते दाखवलं, मग आत सोडला. तो तळाला गेलाच नाही. चार बोटं वरच अडकला.

आत दारू-छऱ्यांचा बार ठासलेला होता. नळीचं तोंड समोरच्या चहाच्या टपरीकडे होतं आणि बाकावर माणसं बसली होती.

"बाबांनीच ठासलेली असतली," दादा म्हणाले. "ही वाशाक टांगलेली, माझी पोरां तिच्याच खाली झोपतत."

पोलिसांना कळवूया म्हटलं, तर "माकाच धरतले" म्हणत पोतं उचलून स्कूटरवरून निघून गेले. फोन उचलत नाहीत. शेवटी पोलिसांना मीच कळवलं.

वेल्डिंगवाल्यांनो, असं पोतं तुमच्याकडे आलं तर मशीन चालू करू नका; एका ठिणगीने आतला बार उडू शकतो.

आणि तुमच्या घरात वाशाला जुनी बंदूक टांगलेली असेल, तर ती रिकामी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?