एक डोकं जास्त

सिस्टर आग्नेस हजेरी हातानं घ्यायच्या. पट टेबलावर मिटलेलाच असायचा. घंटा झाली की त्या दाराजवळच्या बाकापासून निघायच्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तळहात ठेवत, ओठांत आकडे पुटपुटत मागच्या भिंतीपर्यंत जायच्या. वाटेत एखाद्याला म्हणायच्या, “अंगात कणकण असा तुझ्या, दुपारी घराक जा.” दुसऱ्याला, “न्हाऊन किती दिवस झाले रे?” तिसरीच्या केसांतून बोटं फिरवून, “मधल्या सुट्टीत माझ्याकडे ये, फणी घेऊन बसतंय.” पहिलीच्या त्या वर्गात एकाहत्तर मुलं होती आणि बाकं चोवीस. कोण आलं नाही हे त्यांना पट न उघडता कळायचं.

मी त्या एकाहत्तरांतली नव्हते. आमचं गाव वेळणेश्वरकडचं, वडील मुंबईला. श्रावणात आई मला घेऊन रत्नागिरीला मामाकडे मांडवीला राहायला आली आणि मिरकरवाड्याला कोळंबी सोलायच्या कामाला लागली. ती सकाळी सातला निघायची. नगरपालिकेची शाळा भरायची अकराला. तोवर मला सांभाळायला घरात कुणी नव्हतं. मामाची सुनंदा मात्र साडेसातला सिस्टरांच्या शाळेत जायची. मामानं तिथं माझ्या नावाची चौकशी केली, तर मदर, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या की प्रवेश जूनमध्येच संपले, वर्गात पाय ठेवायला जागा नाही, आणि मुलीचा जन्मदाखला तरी कुठं आहे? जन्मदाखला खरंच नव्हता. मी गावात घरीच जन्मले आणि नोंद करायची असते हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी आईनं मला सुनंदाच्या हातात दिलं आणि म्हणाली, “हिला बसव तुज्याजवळ. कोन इचारनार हाय येवढ्या गर्दीत?”

पहिल्याच दिवशी विचारलं. सिस्टरांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि थांबला. सिस्टर मूळच्या सावंतवाडीकडच्या. साहेबलोकांशी नीट पुस्तकी मराठी बोलायच्या, पण मुलांशी बोलताना त्यांची जीभ सरळ गावी जायची.

“ह्या डोकां नवीन असा. कोणाची गो तू?”

“सुनंदाची,” मी म्हटलं.

वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. नाव विचारलं, मी ‘कुंदा’ म्हटलं. बाहेर आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत होता. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, “बस. पाऊस थांबलो की जा.”

आता रत्नागिरीतला श्रावणातला पाऊस. तो काय माझ्यासाठी थांबतोय! तो थांबला गणपती होऊन गेल्यावर, आणि तोवर मी बाराखडी ओलांडून धड्यांपर्यंत पोचले होते. पाऊस थांबला तेव्हा सिस्टर खिडकीपाशी जाऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि खिडकीच लावून घेतली. म्हणाल्या, “ऊन लागता पोरांक.” त्या दिवशी उन्हाचा पत्ता नव्हता.

मी बसायचे सुनंदा आणि झुबेदाच्या मध्ये. झुबेदाचे वडील आखातात होते आणि वर्गातल्या सगळ्या भानगडींचा मेंदू म्हणजे झुबेदा. एका बाकावर तिघं बसली की कोपराला कोपर लागून कुणालाच लिहिता येत नाही. यावर सिस्टरांनी स्वतःची रीत काढली होती. कडेच्या दोघांनी लिहायचं, मधल्यानं मोठ्यानं वाचायचं, आणि घटका-अर्ध्या घटकेनं जागा बदलायच्या. “मधलो वाचतलो, कडेचे लिवतले!” असं त्या टाळी वाजवून ओरडल्या की चोवीस गळे एकदम वाचू लागायचे आणि शेजारच्या वर्गाच्या बाई दार आपटायच्या. माझ्याकडे पाटी नव्हती. त्यामुळे मी कायमची मधली. दिवसभर वाचायचं, एवढंच माझं काम. झुबेदाला हे फार सोयीचं पडलं, तिला वाचायचा कंटाळा होता.

सिस्टर काही साध्वी वगैरे वाटायच्या नाहीत. अंगानं थोराड, पायांत पुरुषी चपला, आवाज फाटका, आणि तरी प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांच्या वर त्यांचाच सूर. चिडल्या की कान असा पिळायच्या की दुपारपर्यंत गरम राहायचा, आणि नंतर त्याच कानाला खोबरेल लावायच्या. एकदा कुणी तरी म्हणालं की कुंदाला कोळंबीचा वास येतो. ते खरंच होतं. आईच्या हाताचा वास माझ्या फ्रॉकला असायचाच. सिस्टर वाकून माझ्याजवळ आल्या, जोरात श्वास घेतला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “माझ्या आवशीक असोच वास येय. किती वर्षां झाली, वास येवक नाय!” आवस म्हणजे आई. मग दर सोमवारी मला विचारायला लागल्या, “काल काय गो जेवलंस? बांगडो गावलो?” मी सांगायचे, आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. मला तर वाटायचं, मी या शाळेत आहे ती सिस्टरांना बाजारभाव सांगायलाच.

नाताळ होऊन गेला आणि एका गुरुवारी मदर वर्गात येऊन सांगून गेल्या की उद्या पटपडताळणीला साहेब येणार आहेत, मुलं मोजतील, पटाशी ताडून बघतील. सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण बाकी सगळ्या वर्गानं बघितलं. नको म्हणून सांगितलेलं मूल इतके महिने वर्गात बसलंय हे साहेबांना कळलं तर मला हाकलणार, हे सहा-सात वर्षांच्या पोरांनाही समजत होतं. मी घरी जाऊन काही बोलले नाही. शाळा गेली तर दिवसभर मामाच्या बंद खोलीत एकटीनं बसायचं, आणि वाचायला तिथं काही नव्हतं.

सिस्टरांना काय सुचलं असतं ते कळलंच नाही, कारण त्यांच्याआधी झुबेदाला सुचलं. शाळेला लागून सिस्टर लोकांचं लहान प्रार्थनाघर होतं. तिथं कोपऱ्यात एक उंच लाकडी कपाट होतं, पुढं जांभळा पडदा, आत बसायला फळी, दोन्ही बाजूंना जाळी. आम्हा सगळ्यांची समजूत होती की ते देवाचं कपाट. ते खरं कशासाठी आहे हे सांगू शकला असता तो वर्गातला एकुलता एक ख्रिश्चन मुलगा, अंतोन, गालगुंडं येऊन घरी पडला होता. शुक्रवारी सकाळी प्रार्थनेआधी झुबेदानं आणि सुनंदानं मला त्या कपाटात बसवलं, पडदा ओढला आणि बजावलं, “सायब गेला की येतंव आमी. तंवर हलायचं नाय.”

मी हलले नाही. वर्गात काय झालं ते मला नंतर सुनंदानं सांगितलं. साहेबांनी मुलं मोजली, पट बघितला, आजारी अंतोन धरून दोन्ही जुळलं. मग त्यांनी सहज विचारलं, “सिस्टर, एवढीच मुलं ना?” सिस्टरांनी आमच्या बाकाकडे बघितलं. झुबेदा पुस्तकात डोकं घालून बसली होती. सिस्टर म्हणाल्या, “हो साहेब. एवढीच.” साहेब मदरच्या ऑफिसात चहाला गेले आणि मधली सुट्टी झाली.

दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत चर्चमधले फादर यायचे आणि त्याच कपाटात बसून जाळीतून सिस्टर लोकांचं पापनिवेदन ऐकायचे. त्या दिवशी त्यांना उशीर झाला होता. माझ्या बाजूच्या जाळीपाशी कुणी तरी धपकन गुडघे टेकले, आणि ओळखीचा फाटका आवाज अगदी हळू बोलायला लागला.

“फादर, पाप केलंय. आत्ताच केलंय, ताजा असा. माझ्या वर्गात एक चेडू असा, तेचा नाव पटार नाय. सायबान इचारल्यान, मी म्हटलंय, इतकीच पोरां. खोटा बोललंय. खरा सांगलंय तर त्या चेडवाक काढून टाकतले.” जपमाळ खुळखुळली. “पण फादर, माका वायट वाटणाच नाय. पश्चात्तापच येणा नाय. म्हणान इलंय.”

मला सगळे शब्द कळले नाहीत, पण ते चेडू कोण हे कळलं.

“सिस्टर,” मी म्हटलं, “मी हितंच हाय.”

पडदा सरकला. सिस्टर आग्नेस इतक्या घाबरलेल्या मी पुन्हा कधी बघितल्या नाहीत. फादरच्या जागेवर मी, पाय फळीवरून लोंबकळतायत. त्यांनी छातीवर क्रूस केला, मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते मला समजेना. मग माझ्यासमोर खाली बसल्या.

“सगळा आयकलंस?”

मी मान हलवली.

“मग आता तूच सांग. काय करूया?”

“मला घरी जायचं नाय,” मी म्हटलं. “आन परत हितं लपायचं पन नाय. लय काळोख हाय.”

त्या उठल्या, माझा फ्रॉक झटकला, हात धरला आणि तशाच तडक मदरच्या ऑफिसात शिरल्या. साहेबांच्या हातात बिस्किट होतं. सिस्टर पुस्तकी मराठीत म्हणाल्या, “साहेब, मघाशी मी खोटं बोलले. एक मूल जास्त आहे. हे.” मदरनी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर.

साहेबांनी बिस्किट बशीत ठेवलं. मग कागद पुढं सरकवून म्हणाले, “नाव लिही बघू तुझं.” मला लिहिता येत नव्हतं. मी कायमची मधली. पेन हातात घेऊन मी नुसती उभी. “काहीच शिकवलं नाही?” असं साहेबांनी विचारल्यावर सिस्टर पुढं झाल्या आणि टेबलावरचा पहिलीचा पट माझ्यासमोर उघडला. “वाच,” म्हणाल्या.

मी वाचायला लागले. आंबेरकरपासून सुरुवात केली. जोडाक्षरांना अडखळले, पण थांबले नाही. सगळी एकाहत्तर नावं वाचली. शेवटचं झालं तेव्हा पुढच्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, “हेच्यात माजं नाव नाय.”

साहेब काही भावूक वगैरे झाले नाहीत. ते मदरवर भरपूर तापले, लेखी खुलासा मागितला, मामाला बोलावून जन्माचं प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं. पण त्या कोऱ्या ओळीत आठवडाभरानं माझं नाव आलं. सिस्टरांनी ते लिहिताना मला शेजारी उभं केलं होतं. लिहून झाल्यावर त्या शाईवर फुंकर मारत राहिल्या, आणि मग मला एक पाटी दिली. “आता कडेक बस,” म्हणाल्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सिस्टर नव्हत्या. सुट्टीवर गेल्यात, असं आम्हाला सांगितलं. सुट्टी कसली! त्यांना घाटावरच्या एका वसतिगृहात पाठवलं होतं, मुलींच्या स्वयंपाकघरावर. हे मला कळलं तेव्हा मी चाळिशीला आले होते. थकलेल्या सिस्टर रत्नागिरीच्या कॉन्व्हेंटात परत आल्यात असं सुनंदानं सांगितलं आणि मी धावत गेले. मग दर रविवारी जात राहिले, डब्यात बांगड्याचं तिखलं घेऊन.

एकदा मनातलं विचारूनच टाकलं. “सिस्टर, साहेब तर चालले होते. गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं नसतं. मीही राहिले असते आणि तुम्हीही.”

त्या काटा काढत होत्या. “रवलंय असतंय,” म्हणाल्या. “आनी तू? दरवर्षी सायब इलो काय खंय तरी दडान बसलंस असतंस. माका तुका दडवची नाय होती गो, बसवची होती.” काढलेला काटा ताटाच्या कडेला ठेवला. “मागीर शिकवूक गावला नाय. तीस वर्षां भाताची तपेली. वायट वाटला. रडलंय पण. खोटा कशाक सांगू?”

माझं नाव पटावर चढलं आणि त्याची किंमत त्यांनी तीस वर्षं चुलीपुढं मोजली. मी त्यांचे पाय धरले तर म्हणाल्या, “उठ, उठ. पुढच्या आयतवारी सुरमय बघ.”

गेल्या वर्षी त्या गेल्या. मातीला मी गेले होते. मी नगरपरिषदेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या काउंटरवर काम करते. चौथ्या दिवशी कॉन्व्हेंटमधल्या एक तरुण सिस्टर फॉर्म घेऊन माझ्यासमोर आल्या. मयताचं नाव: रोझालीन पास्कू लोबो.

“सिस्टर, चुकून दुसऱ्या कुणाचा फॉर्म आणलात,” मी म्हटलं.

“नाही, त्यांचाच आहे,” त्या म्हणाल्या. “आग्नेस हे सिस्टर झाल्यावर दिलेलं नाव. घरचं नाव रोझालीन. पण त्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं म्हणे.”

इतके रविवार त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या गावचे मासे विचारले, नदी विचारली, आवशीच्या हातची चव विचारली. आवस त्यांना काय म्हणून हाक मारायची, हे एकदाही विचारलं नाही. मी ते नाव एकेक अक्षर तपासून टाइप केलं, नोंद पक्की केली, आणि रांगेतल्या माणसांसमोर, कामाच्या वेळेत, काउंटरवर डोकं ठेवून रडले.